बाटलीची निवड कोणाच्या हाती?

जून महिन्यात शाळा उघडण्याच्या सुमारास वह्या-पुस्तकांच्या दुकानांवर पाण्याच्या बाटल्यांच्या माळा लोंबू लागतात. लाल, निळ्या, पारदर्शक, चित्रे छापलेल्या, तांब्याच्या, पोलादाच्या. स्वस्तातल्या स्वस्त आणि महागातल्या महाग. मुलाचा हात धरून आलेली आई त्यांतली एक खाली काढायला सांगते, उलटीसुलटी करून पाहते, झाकण उघडून वास घेते आणि दुकानदाराला विचारते, "चांगली आहे ना?" दुकानदार म्हणतो, "एकदम चांगली, ताई. बीपीए-फ्री आहे." बीपीए म्हणजे काय हे तिला ठाऊक नसते, बहुधा दुकानदारालाही नसते. तरीही व्यवहार पुरा होतो आणि पुढचे वर्षभर ते मूल रोज त्या बाटलीतले पाणी पिते.

प्रसंग किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. ज्या भांड्यातून रोज लिटर-दोन लिटर पाणी शरीरात जाते ते भांडे कशाचे, हा आरोग्याचा प्रश्न आहे. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून किंवा नाकाने हुंगून कळणे शक्य नाही, तो विकत घेणाऱ्याच्या एकट्याच्या शहाणपणावर सोडून देणे हा अन्याय आहे. बाटलीच्या निवडीविषयी आज जे लिहिले-बोलले जाते त्यात पहिली गोष्ट भरपूर सांगितली जाते. दुसरीचा उच्चारही क्वचितच होतो.

जुन्या भांड्यांचा धडा

प्रवासात पाणी बरोबर नेणे महाराष्ट्राला नवे नाही. आगगाडीच्या प्रवासात फिरकीचा तांब्या असे, मालमोटारीच्या पुढच्या अंगाला कॅनव्हासची छागळ लटकत असे, शेतावर जाणाऱ्याच्या हाती तुंबा किंवा मातीची घागर असे. या भांड्यांबरोबर त्यांच्या वापराचे ज्ञानही पिढ्यान्पिढ्या चालत आलेले होते. पितळेत ताक ठेवले तर ते कळकते, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होते. कल्हईवाला वर्षातून दोनदा आळीत येऊन भाता लावत असे, तो काही हौसेखातर नव्हे. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देऊन अन्न आणि तांबे यांची गाठ पडू न देणे हे त्याचे काम होते.

परंतु जुने ते सगळे निर्दोष होते असे मानणाऱ्यांनी पुण्याची एक हकीकत आठवावी. भारतात लहान मुलांच्या यकृताचा एक भयंकर विकार होता. वैद्यकशास्त्रात त्याचे नावच 'इंडियन चाइल्डहूड सिर्होसिस' असे पडले होते. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुले त्याला बळी पडत. पोट फुगे, कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरात पाठोपाठ मुले जात, म्हणून हा आनुवंशिक रोग असावा असे अनेकांना वाटे. घराण्याचा दोष, पूर्वजन्मीचे पाप असेही बोलले जाई. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश संशोधकांबरोबर या मुलांच्या आहाराचा बारकाईने तपास केला. १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आईच्या दुधाऐवजी लवकर वरचे दूध दिलेल्या आणि ते दूध तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात तापवलेल्या, साठवलेल्या मुलांच्या यकृतात तांब्याचा साठा होतो, अशी ती शक्यता होती. पुढच्या अभ्यासांनी तिला बळ दिले. काही शास्त्रज्ञांच्या मते काही मुलांमध्ये तांबे सहन न होण्याचा जन्मजात दुबळेपणाही असावा. ते मान्य केले तरी घाव घालणारे शस्त्र भांडेच होते. बाळाच्या दुधासाठी ही भांडी वापरू नका, असे घरोघर सांगितले गेले, स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आले आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात असाच विकार होता. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके दगावल्याचे नंतरच्या तपासात दिसून आले. कल्हई नसलेली तांब्याची भांडी वापरातून गेली आणि तेथलाही रोग थांबला.

या हकीकतीतून दोन गोष्टी निघतात. एक, भांड्याचा पदार्थ जीव घेऊ शकतो. दुसरी अधिक महत्त्वाची: तो दोष कोणत्याही एका आईला कळणे शक्य नव्हते. सार्वजनिक रुग्णसेवा, संशोधन आणि लोकशिक्षण यांची सांगड पडली तेव्हाच तो कळला.

तांब्याला सरसकट दोष देण्याचेही कारण नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी राहते. म्हणजे साध्या पाण्यासाठी तांबे उपकारक. दूध, ताक, लिंबू सरबत यांच्यासाठी घातक. तांब्याची बाटली विकणाऱ्या जाहिरातीत यातला पहिला भाग मोठ्या अक्षरात असतो. दुसरा भाग असलाच तर बुडाशी, बारीक टाइपात असतो.

'मुक्त' या शब्दाची फसवणूक

आता प्लास्टिककडे वळावे. पारदर्शक, टणक, काचेसारख्या दिसणाऱ्या बाटल्या आणि पाण्याचे मोठे जार वर्षानुवर्षे पॉलिकार्बोनेटचे होत आले. हे प्लास्टिक १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे तयार झाले. त्याचा एक घटक म्हणजे बिस्फेनॉल-ए, अर्थात बीपीए. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की हा पदार्थ स्त्री-संप्रेरकासारखे काम करतो हे लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. म्हणजे धोक्याचे ज्ञान आधी होते आणि उद्योग नंतर आला. मधल्या अर्धशतकात हे दोन्ही एकमेकांसमोर ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ते समोरासमोर आले तेही अपघाताने. १९९८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांवर वेगळाच प्रयोग करत होत्या. निरोगी उंदरांच्या बीजपेशींत अचानक गुणसूत्रांचे दोष दिसू लागले. शोध घेता असे कळले, की पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून जहाल साबणाने धुतल्या गेल्या होत्या, पॉलिकार्बोनेट झिजले होते आणि बीपीए उंदरांच्या पोटात जात होते. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ७७ विद्यार्थ्यांना आधी एक आठवडा पोलादी बाटलीतून आणि नंतर एक आठवडा पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून थंड पेये प्यायला लावली. एका आठवड्यात त्यांच्या लघवीतले बीपीए ६९ टक्क्यांनी वाढले. पाणी गरम असेल तर हे झिरपणे कित्येक पटींनी वाढते, हे त्याआधीच सिनसिनाटीच्या संशोधकांनी दाखवले होते.

यानंतर सरकारे हलू लागली. कॅनडाने २००८ साली पुढाकार घेतला, युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए बाद केले. भारतीय मानक ब्यूरोने २०१५ साली दुधाच्या बाटल्यांच्या मानकात तेच केले. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये बीपीएची सहन होण्याजोगी दैनिक मात्रा २०१५ च्या मानाने वीस हजार पटींनी खाली आणली. हा आकडा फार कठोर आहे असे जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला वाटले. शास्त्रज्ञांत असा मतभेद असणे स्वाभाविक आहे. तरीही युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाशी संबंध येणाऱ्या सर्व वस्तूंतून बीपीए हद्दपार करण्याचा नियम केला आणि जानेवारी २०२५ पासून, कारखानदारांना काही मुदत देऊन, तो लागू झाला.

बाजाराने मात्र त्याआधीच पळवाट शोधली होती. बीपीए काढून त्याच्या जागी त्याचेच भावंड, बिस्फेनॉल-एस, घालायचे आणि डब्यावर 'बीपीए-फ्री' असे ठळक छापायचे! नियतीचा खेळ असा, की त्याच हंट यांच्या प्रयोगशाळेत, बदललेल्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यांत, उंदरांच्या पेशींत पुन्हा तसेच दोष दिसले. २०१८ साली त्यांनी तेही प्रसिद्ध केले. तेव्हा 'बीपीए-मुक्त' हे शब्द काय नाही ते सांगतात. काय आहे ते सांगत नाहीत. चोर घरात नाही एवढेच सांगून त्याचा भाऊ माजघरात बसला आहे हे लपवण्यापैकीच हा प्रकार आहे. आणि भारतात तर तेवढेही खरे असेल याची खात्री नाही. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०१९ साली बाजारातल्या दुधाच्या बाटल्या व पेले तपासून घेतले, तेव्हा मानकातली बंदी चार वर्षांची झालेली असूनही त्यांत बीपीए आढळले.

बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात कोरलेल्या आकड्याविषयीही मोठा गैरसमज आहे. १ ते ७ हे आकडे १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केले ते कचरा वेगळा करण्याच्या सोयीसाठी. तो सुरक्षिततेचा शिक्का नव्हे. त्याचा उपयोग एवढाच, की पदार्थ ओळखता येतो: १ म्हणजे पेट, २ आणि ५ म्हणजे अनुक्रमे जाड पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे 'इतर सर्व'. त्या 'इतर' मध्ये पॉलिकार्बोनेटही येते. दुसरा आणि पाचवा आकडा पाण्यासाठी त्यातल्या त्यात बरा, तिसरा, सहावा व सातवा टाळावा, असा सर्वसाधारण आडाखा बांधता येतो.

पाणी विकत घेतल्यावर उरणारी बाटली पहिल्या आकड्याची असते. ती महिनोन्‌महिने पुन्हा भरून वापरणारी घरे लक्षावधी आहेत. तिच्याविषयी उगाच घबराट पसरवू नये. साध्या तापमानाला तिच्यातून पाण्यात उतरणारे अँटिमनी मर्यादेच्या आत असते. उन्हात, तापलेल्या मोटारीत ते वाढते. खरा धोका अधिक साधा आहे. या बाटलीचे तोंड अरुंद, आत हात जात नाही. ती उकळत्या पाण्याने धुवावी तर वाकडी होते. ओरखड्यांत जंतू राहतात. आणि प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचा प्रश्न आहेच. २०१८ साली भारतासह नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या, त्यांतल्या ९३ टक्क्यांत असे कण सापडले. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना २०२४ मध्ये अधिक सूक्ष्म तंत्राने अमेरिकेतील बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण आढळले. हे कण शरीरात नेमके काय करतात याचा निकाल अजून लागलेला नाही. परंतु निकाल लागेपर्यंत प्रयोग कोणावर चालू राहणार, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार पाणी पिणाऱ्याला आहे.

पोलाद म्हणजे एकच पदार्थ नव्हे

यावर सामान्यतः दिला जाणारा सल्ला असा, की स्टेनलेस स्टीलची बाटली घ्यावी. सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. ज्याला लोक स्टील म्हणतात तो एक पदार्थ नसून पदार्थांचे मोठे कुटुंब आहे. त्यातले क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरते आणि तोच गंजापासून रक्षण करतो. भांड्यांसाठी नावाजलेला प्रकार म्हणजे ३०४. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून त्याला १८/८ असेही म्हणतात. निकेल महाग आणि भारताला ते बाहेरून आणावे लागते. यास्तव निकेल कमी करून मँगनीज व नायट्रोजन घातलेले २०० मालिकेचे स्वस्त पोलाद भारतात भांड्यांसाठी फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते विषारी आहे असे नव्हे. परंतु मिठाला आणि आंबटाला ते कमी टिकते, त्यावर लवकर डाग व गंज येतो. दोन्ही पोलादे सारखीच चकाकतात, दोहोंचा नाद सारखाच. लोहचुंबक लावून पाहा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण २०० मालिकेचे पोलादही ३०४ प्रमाणेच सहसा चुंबकाला चिकटत नाही, आणि ठोकून-ओढून घडवलेले ३०४ कधीकधी थोडेसे चिकटते! म्हणजे घरगुती परीक्षा येथे निकामी ठरते. बुडावर '३०४' असा आकडा कोरलेला असतो, पण आकडा कोरायला पोलाद अस्सलच असावे लागते असे नाही.

अॅल्युमिनियमची गोष्ट आणखी वेगळी. ती बाटली वजनाला हलकी, पण पाण्याचा संबंध धातूशी न येता आतल्या लेपाशी येतो. स्वित्झर्लंडमधील एका नावाजलेल्या कंपनीच्या अशा बाटल्या प्लास्टिकला सुरक्षित पर्याय म्हणून जगभर खपत होत्या. आपल्या जुन्या बाटल्यांच्या लेपात बीपीएचा अंश होता, हे त्या कंपनीला २००९ साली कबूल करावे लागले. पाणी थंड-गरम ठेवणाऱ्या दुहेरी भिंतीच्या पोलादी बाटल्यांच्या बुडाशी निर्वात जागा बंद करण्यासाठी काही ठिकाणी शिसे असलेले डाक वापरतात, हे २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेत चर्चेला आले. बुडाचे टोपण शाबूत असेपर्यंत त्याचा पाण्याशी संबंध येत नाही हे खरे. पण घेणाऱ्याला ते आधी कोणी सांगितले होते काय?

तेव्हा आजच्या परिस्थितीत ज्याला निवड करणे शक्य आहे त्याने काय करावे, याचे उत्तर स्पष्ट देता येते. रोजच्या वापराला एकेरी भिंतीची, आतून कोणताही रंग वा लेप नसलेली, हात आत जाईल अशा रुंद तोंडाची स्टेनलेस स्टीलची बाटली घ्यावी. तिच्यावर मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे आणि पक्की पावती मागावी. झाकण आणि त्यातली रबरी चकती वेगळी निघते ना ते पाहावे, कारण घाण साचते ती तेथे. घरात ठेवण्यासाठी काचेइतके निरुपद्रवी दुसरे काही नाही. मातीच्या माठालाही तोड नाही. तांब्याच्या बाटलीत फक्त साधे पाणी भरावे. अॅल्युमिनियमच्या बाटलीचा लेप खरवडला गेला की ती टाकावी. प्लास्टिकची घेणे भाग असेल तर पाचव्या आकड्याची घ्यावी, तिच्यात गरम काही ओतू नये, ती उन्हात ठेवू नये आणि पृष्ठभाग धुरकट झाला की बदलावी. आणि बाटली कशाचीही असो, ती रोज घासून धुवावी. जुलाब-हगवणीचे जंतू कोणत्याही रसायनापेक्षा आजही अधिक घातक आहेत, याचा विसर पडू नये.

ज्याच्यापुढे निवडच नाही

एवढे सांगून थांबणे सोपे आहे. परंतु हा सल्ला ज्यांना पाळता येतो त्यांच्याहून न येणारे संख्येने अधिक आहेत. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेथे रानात मजुरी करणारी बाई विकतच्या पाण्याची टाकून दिलेली बाटली भरून बांधावर ठेवते आणि ती दिवसभर तापते. मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्या टोळीबरोबर खाद्यतेलाचे रिकामे कॅन पाण्यासाठी असतात. याहून भयंकर म्हणजे फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन घरात वापरले जाण्याचा प्रकार. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, पुन्हा वापरले जाऊ नयेत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. नियमाला पन्नास वर्षे उलटून गेली. जिच्या दिवसाच्या मजुरीत चांगली बाटली बसत नाही, तिला जाड झाकणाचा मजबूत डबा फोडून पुरा, असे सांगणारा कायदा तिला दुसरे भांडे देत नाही.

सुरक्षित बाटली ही अशा रीतीने ऐपतीची बाब होऊन बसली आहे. वरच्या वर्गाला पोलाद, मधल्याला 'बीपीए-फ्री' हा दिलासा आणि खालच्याला कचऱ्यातली बाटली, अशी ही उतरंड आहे. या उतरंडीला उपभोक्त्याचे स्वातंत्र्य असे गोंडस नाव देण्यात येते.

केंद्र सरकारने २०२३ साली पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तांबे, पोलाद व अॅल्युमिनियम यांच्या बाटल्यांना भारतीय मानक १७८०३ बंधनकारक केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु कागदावरचे मानक आणि आठवडी बाजारातली बाटली यांच्यामध्ये जे अंतर असते ते तपासनिसानेच कापावे लागते. २०१५ च्या बंदीचे चार वर्षांनी काय झालेले दिसले, हे वर सांगितलेच आहे. त्यातून हा आदेश तीन धातूंपुरता. प्लास्टिक त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

यावर आक्षेप येतो, की अशा आदेशांनी लहान कारखानदार मरतो आणि बडी कंपनी माजते. हा आक्षेप पोकळ नाही. भाईंदरसारख्या ठिकाणी छोट्या गाळ्यांतून स्टीलची भांडी घडवणाऱ्यांवर, पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांवर चाचणीचा खर्च बड्या उत्पादकाइतकाच लादला तर तो त्यांना पेलणार नाही. पण याचा अर्थ चाचणी नको असा होत नाही. चाचणी सार्वजनिक हवी एवढाच होतो. जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी प्रयोगशाळा असावी आणि लहान उत्पादकाला तेथे नाममात्र शुल्कात आपला माल तपासून मिळावा. गुणवत्तेची हमी ही श्रीमंत कारखानदाराची मक्तेदारी होऊ न देणे हेही सरकारचेच काम आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. बाटली कोणत्याही पदार्थाची असो, तो पदार्थ आणि त्याची प्रत तिच्यावर मराठीत, न पुसणाऱ्या अक्षरांत लिहिलेली असावी. काय नाही ते नव्हे, काय आहे ते. बाजारातून नमुने उचलून त्यांचे निष्कर्ष दरवर्षी, उत्पादकाच्या नावानिशी, प्रसिद्ध व्हावेत. बाळांच्या बाटल्यांपुरती असलेली बीपीएची बंदी अन्न-पाण्याच्या सर्व भांड्यांना लागू व्हावी आणि त्या बंदीत त्याची भावंडेही यावीत. जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना पाठ्यपुस्तके आणि गणवेश मिळतो, त्याबरोबर एक पोलादी बाटलीही मिळावी. ती पहिलीत दिली तर चौथीपर्यंत टिकेल. आणि ऊसतोड कामगारांच्या टोळीला कोयत्याची उचल देणाऱ्या कारखान्याने पिण्याच्या पाण्याची स्वच्छ भांडीही द्यावीत.

तरीही बाटली हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे असे, की ती भरायची कोठे? २०२३ साली मुंबई महानगरपालिका घरगुती वापराचे हजार लिटर पाणी दहा रुपयांहून कमी दरात देत होती. रेल्वेने आपल्या बाटलीबंद पाण्याचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये उतरवला, तरी एका लिटरला १४ रुपये पडतात. फलाटावरचा नळ कोरडा किंवा घाण ठेवला की प्रवासी आपोआप दुकानाकडे वळतो, आणि त्या एका बाटलीतून पुढे वर्षभर भरल्या जाणाऱ्या, तापणाऱ्या, झिजणाऱ्या बाटल्यांची रांग सुरू होते. रस्तोरस्तीच्या पाणपोया ओस पडल्या, शाळेतल्या टाकीवर पालकांचा विश्वास राहिला नाही, म्हणून प्रत्येकाने आपापले पाणी गळ्यात अडकवून फिरण्याची वेळ आली. वीस मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, ते पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करण्यासाठी. सर्वांचे असलेले पाणी सर्वांना पिता येईल असे राखण्याची जबाबदारी त्या दिवसापासून अधिकच पक्की झाली आहे. ती कोणत्याही बाटलीत बंद करता येणार नाही.

दुकानासमोर उभी असलेली आई "चांगली आहे ना?" असे विचारते. तो प्रश्न दुकानदाराला विचारलेला असला तरी त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी दुकानदाराची नाही. ज्यांची आहे त्यांना तो ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो आता विचारला गेला पाहिजे.